थोरल्या अव्वाचा पदर

आमच्या घरात आई सोमवारला सोमवार म्हणत नसे. ‘महादेवाचा वार’ म्हणायची. वालूरला बाजारात कुणी विचारलं, “काय वैनी, सोमवारी हाव का घरी?” की ती मान डोलवायची आणि म्हणायची, “हाव की, महादेवाच्या वारी कुटं जायचं?” लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आया असं म्हणत असतील. पुढं कळलं की सोमाप्पा हे तिच्या सासरचं सगळ्यात थोर नाव, माझ्या अप्पांच्या पणजोबांचं. बाई जसं नवऱ्याचं नाव घेत नाही, तसंच सुनेनं हेही नाव घ्यायचं नाही. मग त्या नावाचा वार तरी का घ्यावा? मला मात्र मोकळीक होती. मी घरची लेक. मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ‘सोमवार सोमवार सोमवार’ असा घोष लावायची आणि आई पिठाच्या हातानं मला मारायला उठायची. मी तिला कधी गावले नाही. आता माझे गुडघे असे झालेत की कुणीही गाठावं.

सोमाप्पा म्हणजे काही लहानसहान असामी नव्हे. त्यांची ‘मुठीची पदं’ इकडं जिंतूर, चारठाण्यापासून तिकडं परभणीच्या पलीकडं गायली जायची. भजनात असायची, लग्नाच्या आदल्या दिवशी असायची, पुढं रेडिओवरही आली. शाळेच्या पुस्तकात एक पद होतं, आणि ते शिकवताना गुरुजी मला उभं करायचे, “ही बघा, त्यांच्या रक्ताची!” मग मी ताठ उभी राहायची, जसं काही मीच रचलंय. गावाबाहेर आमच्या रानाच्या कोपऱ्यात सोमाप्पांची समाधी, तिच्यावर दगडी देऊळ, आणि त्या देवळाची किल्ली अप्पांच्या जानव्यागत कायम अंगावर. आम्ही लिंगायत, जानवं घालत नाही, पण बोलायची रीत म्हणून म्हणते. पहाटे अप्पा अंघोळ करून कपाळाला विभूती लावायचे आणि एकतारी घेऊन बसायचे. ओसरीवर त्यांचा आवाज, आत आईच्या भाकरीची थापथाप, आणि चुलीवर खापरात भाजल्या जाणाऱ्या येसराचा वास. येसर म्हणजे ज्वारी, बाजरी, डाळी, धणे, मिरची, सगळं खमंग भाजून उखळात कुटलेली पूड. तिची आमटी आमच्या भागात लग्नाला लागते, आणि आईच्या हातची तर माणसं ताटाला तोंड लावून प्यायची. घरात पैसा नव्हता, पण मान होता, आणि तो सगळा पदांचा होता. अप्पा वाटेनं चालले की म्हातारी माणसंसुद्धा पारावरून उठायची.

दर वर्षी कार्तिकात समाधीपुढं मोठा उत्सव व्हायचा. पदं गायच्या आधी कुणीतरी उभं राहून कथा सांगायचं, पदं जगाला कशी कळली त्याची. ती मला झोपेतही येत होती. सोमाप्पा तिफण हाकता हाकता पदं रचायचे. कुणाला सांगायचे नाहीत. ते गेले, लिंगैक्य झाले. मग बऱ्याच दिवसांनी एक मोठे स्वामी गावावरून चालले होते. त्यांनी पेरणीच्या रानात बायकांच्या तोंडून पदं ऐकली आणि पालखी थांबवली. बायका म्हणाल्या, आम्ही ही थोरल्या अव्वाकडनं शिकलो. थोरली अव्वा म्हणजे सोमाप्पांची बायको. तिला बोलावलं. स्वामींनी विचारलं, “माय, ही पदं कुणाची?” अव्वानं पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि बोलली नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तेव्हा स्वामी हसले आणि म्हणाले, “कळलं! ज्याचं नाव ह्या माउलीला घेता येत नाही, त्याचीच ही पदं!” लोकांनी सोमाप्पांचा जयजयकार केला. स्वामींनी तिथंच प्रत्येक पदाच्या शेवटी ‘सोमा म्हणे’ अशी ओळ घातली, म्हणजे पुन्हा कुणाला विचारायला नको. आणि आमच्या घरच्या सुना पद म्हणताना ती शेवटची ओळ आजही गाळतात, नाव येतं म्हणून.

ऐकायला किती गोड आहे! मी ती गोष्ट ऐकत वाढले, आणि सोळाव्या वर्षापर्यंत मला तिच्यात काहीही खुपलं नाही. माणसाच्या डोळ्यापुढं ताट वाढून ठेवलेलं असतं आणि त्याला भूकच लागत नाही, तसं.

त्या वर्षी अप्पांनी मनात आणलं की कथा सुमी सांगेल. सुमी म्हणजे मी. आजवर पुरुषच सांगत आले होते. अप्पांना मुलगा नव्हता, मी एकटीच. भावकीतली माणसं ओसरीवर जमली, तंबाखू मळत बसली, आणि त्यातल्या एकानं सरळ सांगितलं, “पोरीबाळी देवाम्होरं उभ्या करायलाव का आता? उद्या अडखळली तर गावाची इज्जत काय ऱ्हायली?” अप्पा तसे मऊ माणूस. बैलालाही अहोजाहो करतील असे. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. “माझी पोरगी अडखळली तर ही देवळाची किल्ली तुमच्या हातात ठिवतो. कथा बी तुमची, पूजा बी तुमची. झालं समाधान?” आतून आईच्या हातातलं उलथणं पडल्याचा आवाज आला. भावकी खूश होऊन उठली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. अप्पा माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “घाबरायलीस काय? तुला काय नवं हाय व्हय ते?” नवं नव्हतं. तोवर तरी नव्हतं.

मग रब्बीची पेरणी आली. नेमका आईच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय टम्म सुजला. मजुरीला बाई मिळेना, पेरणीजोगी ओल, वाफसा, निघून चालला होता. आमच्या शिवारात रीत अशी की गडी कासरा धरून पुढं बैलांच्या अंगानं चालतो, आणि तिफणीमागं चाड्यावर मूठ धरून बाई. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी पेला, त्यातून बी नळ्यांवाटे खाली मातीत जातं. अप्पांचे धाकटे भाऊ नागनाथकाका म्हणाले, “सुमे, कास्टा घाल अन् चल. मूठ धरायला काय अक्कल लागती व्हय?” लागते. लय लागते. ओटीत ज्वारी घ्यायची, मूठ भरायची, आणि अंगठ्याच्या आडून दाणे असे सोडायचे की धार तुटू नये. मूठ आवळली की रान उपाशी, सैल सोडली की एकाच जागी ढीग. वर पाय ढेकळात, डोळे चाड्यात, मान अवघडलेली. काका पुढं आरामात शीळ घालत चाललेले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मधेच एक नळी मातीनं बुजली. मी ओरडले, “काका, थांब!” वारा उलटा होता, त्यांना ऐकू गेलं नाही. बैल चालतच राहिले, आणि मी रडकुंडीला आले, कारण बी कुठं पडतंय ते मला एकटीलाच दिसत होतं.

आणि तेव्हा माझ्या तोंडात ते पुस्तकातलं पद आलं. मी काही ठरवून म्हटलं नाही.

पुढं चालणाऱ्या देवा, मागं वळून पाहू नको,
मूठ माझी सैल झाली, तरी तिफण थांबवू नको.
नळी बुजली मागं, पुढच्याला काय ठावं,
उगवल्या रानानं त्याला मग दावावं.

पहिल्या ओळीला मूठ रिकामी होत होती, दुसरीला हात ओटीकडं जात होता. बरोब्बर. भजनात पेटीवर हे पद कसं ताणून ताणून म्हणतात! इथं ताणायला जागाच नव्हती, हाताच्या चालीनं ते आपोआप पुढं जात होतं. शेवटपर्यंत पोचले आणि ‘सोमा म्हणे’ आलं, तर हात अडकला. ती ओळ त्या चालीत बसेचना. मी मधेच उभी राहिले. बैल पुढं गेले. काका आता मात्र वळून ओरडले, “काय झालं गं? काटा मोडला का?” मी म्हणाले, “न्हाई, काही न्हाई.” हे पद पुढं चालणाऱ्याचं नाही, असं मला वाटून गेलं. हे मागं चालणारीचं आहे.

आता सत्तरी ओलांडल्यावर मला कुणी विचारेल, बाई, हा काय पुरावा झाला? कवीला मन असतं, तो बाई होईल, पाखरू होईल. खरं आहे. मीही स्वतःला हेच सांगितलं, रात्रंदिवस सांगितलं. पण शंका भरड ज्वारीच्या फोलासारखी असते, दातात अडकली की जीभ तिथंच जाते. मी एका सकाळी अप्पांना विचारलं. ते फुलं वेचत होते. “अप्पा, सोमाप्पा कधी चाड्यावर मूठ धरायचे का?” अप्पा खळखळून हसले. “गडीमाणूस चाड्यावर? अन् घरातल्या बायका काय बाजेवर बसून ऱ्हायच्या व्हय?” “मग पदात मूठ कशी आली?” “अगं येडे, ती भक्ती हाय. देवापुढं आपण सगळेच मागं चालणारे. तुला मी इतकं शिकवलं ते वाया गेलं म्हण की.” आणि त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. मी हसले. पण ‘गडीमाणूस चाड्यावर?’ हे त्यांचे शब्द माझ्या कानातून जाईनात. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं आणि त्यांना ऐकू आलं नव्हतं.

उत्सवाच्या थोडं आधी परभणीहून कॉलेजातले एक सर आले. ते सोमाप्पांवर पुस्तक लिहीत होते, अप्पा त्यांना पदं सांगायचे. फार भला माणूस. एसटीतून उतरून धुळीनं माखून यायचे आणि तरी पायरीशी वाकून नमस्कार करायचे. त्या दिवशी जेवायला बसले. अप्पा, काका, सर, असे ओळीनं पाट. आईनं येसराची आमटी वाढली. सरांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, पुन्हा लावली. “वहिनी,” ते म्हणाले, “अशी आमटी मी जन्मात प्यायलो नाही. कुणाच्या हातची?” आई आमटीचं भगुणं घेऊन उभी होती. तिनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि बोलली नाही. सर म्हणाले, “अहो, सांगा तरी!” तरी नाही. मग सर मोठ्यानं हसले, “कळलं, कळलं! नाव घेता येत नाही म्हणजे अप्पांच्याच हातची असणार!”

हसून हसून काकांना ठसका लागला. अप्पा डोळे पुसायला लागले. आईसुद्धा पदराआड हसली. आणि मी, वाढायची पोळी हातात धरून, भिंतीला टेकले. तीच गोष्ट. पदर तोच, खाली घातलेली मान तीच, आणि शहाण्या माणसाचं ‘कळलं’ तेच. फक्त इथं सगळ्यांना ठाऊक होतं की आमटी कुणाची, म्हणून ते हसत होते. तिथं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी देऊळ बांधलं.

तिथून पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगताही यायचं नाही. कथा म्हणून बघायला बसले की स्वामींच्या प्रश्नापर्यंत यायची आणि तिथूनच परत पहिल्यापासून सुरू करायची. ‘ज्याचं नाव ह्या माउलीला घेता येत नाही’ एवढंच तर म्हणायचं होतं! आधी शेकडो वेळा म्हटलेलं. पण आता ते म्हणायचं म्हणजे खोटं बोलायचं, तेही थोरल्या अव्वाच्या तोंडावर. आणि नाही म्हणायचं, तर अडखळली म्हणून भावकी टाळ्या पिटणार, आणि अप्पांची किल्ली जाणार. किल्ली गेली तर अप्पा काय करतील? त्यांना दुसरं काही येत नव्हतं. शेतात त्यांच्या हाताला यश नव्हतं, व्यवहारात कुणीही फसवावं. पहाटे उठून सोमाप्पांना हाक मारायची, एवढ्यावर तो माणूस उभा होता. मला स्वप्नं पडायची की अप्पा देवळाच्या बाहेर उभे आहेत आणि आतून कुणीतरी दुसरंच गातंय. बरं, सांगायचं तरी कुणाला? सोळा वर्षांच्या पोरीला एवढी मोठी शंका आली म्हटल्यावर लोकांनी आधी मांत्रिकच आणला असता.

शेवटी आईला सांगितलं. ती उत्सवाच्या पंगतीसाठी येसर कुटत होती, मी चाळत होते. मी तिफणीपासून सुरू केलं ते थेट पदरापर्यंत आले. आईचं मुसळ चालूच होतं. “तोंड आवर,” ती म्हणाली. “तुझ्या अप्पाम्होरं ह्यातला एक शब्द काढशील तर मला मेलेली बघशील. त्यांच्या जिवाला तेवढं एकच हाय. अन् अव्वाला आता काय व्हायलंय? ती गेली. तिचं काय अडलंय?”

“पण आई, तिची असतील तर तिनं सांगायचं की नाही?”

“काय सांगायचं? गावम्होरं, इतक्या मोठ्या स्वाम्याम्होरं, ‘माझी हायेत, माझी हायेत’ म्हणून नाचायचं व्हय? बाईमाणसाला शोभतं का ते?”

“म्हणून सरांनी आमटीचं विचारलं तेव्हा तू बोलली नाहीस?”

आईनं मुसळ उचललं. मुसळ वरच्या वर राहिलं. उखळात येसराची धूळ खाली बसायला लागली. मग म्हणाली, “चाळ नीट. गुठळ्या ऱ्हायल्यात,” आणि पुन्हा कुटायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात. त्यानंतर आम्ही ह्या विषयावर बोललो नाही. पण उत्सवाच्या दिवशी तिनं पेटीतलं आपलं लग्नातलं इरकली लुगडं काढलं आणि मला नेसवलं. निऱ्या खोचताना तिचे हात थंड होते. “जे येईल ते म्हण,” एवढंच ती पुटपुटली. मला कळेना की हा धीर आहे की तिनंही आशा सोडली आहे.

संध्याकाळ उतरली होती. समाधीपुढं माणूस माणसाला चिकटून बसलेलं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पलीकडं आमच्या रानात ज्वारी टिचभर आली होती, आणि तिच्यात ती बुजलेल्या नळीची मोकळी ओळ इथून तिथवर दिसत होती. भावकी पुढं बसली होती, दुखणाईताच्या उशाशी बसावी तशी. सर वही मांडीवर घेऊन. अप्पा माझ्या उजव्या हाताला, एकतारी उभी धरून, आणि त्यांच्या छातीवर ती किल्ली. माईकसमोर मी उभी राहिले. मी मनाशी पक्कं केलं होतं की डोळे मिटायचे आणि ते वाक्य घडाघडा म्हणून टाकायचं. अव्वानं इतकी वर्षं सोसलं, अजून एकदा सोसेल. अप्पा तर जिवंत होते ना.

सुरुवात बरी झाली. आवाज निघाला. सोमाप्पांची तिफण आली, रान आलं, पालखी थांबली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसून ‘कशी बोलायली बघ’ म्हणत होत्या. मग स्वामींनी विचारलं, “माय, ही पदं कुणाची?” मी ते विचारलं आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला. मी पदर पुढं ओढला. मान खाली घातली. आता पुढचं म्हणायचं होतं. म्हणता येईना. खरंच सांगते, मी काही नाटक केलं नाही, काही धाडस केलं नाही. पदराच्या आत मला माझा श्वास ऐकू येत होता आणि भोंग्यातून तोच बाहेर जात होता. भावकीतलं कुणीतरी सरसावून बसलं. मला वाटलं, संपलं. अप्पा गेले. मी मारलं त्यांना.

आणि मागून एक म्हातारा थरथरत्या आवाजात ओरडला, “सोमाप्पा महाराज की!” सगळं रान गरजलं, “जय!” पुन्हा, “सोमाप्पा महाराज की!” “जय!” लोक उठून उभे राहिले. बायकांच्या डोळ्यांना पदर. सर वही बाजूला टाकून टाळ्या वाजवत होते. मी न बोलता उभी, आणि ते माझ्या न बोलण्यात त्यांना हवं ते नाव ऐकत होते. काकांनी मला हाताला धरून खाली बसवलं, “काय सोंग आणलंस गं! साक्षात अव्वा!” भावकीला बोलायला तोंड राहिलं नाही. अप्पांची किल्ली वाचली. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. मी गप्प राहिले ते खोटं बोलायचं नव्हतं म्हणून, आणि माझ्या गप्पपणावर सगळ्या गावानं तेच खोटं आणखी पक्कं केलं. मी अव्वासारखीच उभी राहिले आणि मला अव्वासारखंच ऐकलं गेलं. अप्पांनी एकतारी छेडली आणि पदं सुरू केली. मी रडत होते. लोक म्हणाले, पोरीला भक्तीचा उमाळा आला.

मग पंगत बसली. पहिल्या पंगतीला पुरुष, देवळापुढच्या शेणानं सारवलेल्या अंगणात, पत्रावळी मांडून. मी पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होते. अप्पांच्या शेजारी सर बसले होते, समोर भावकी. आई आमटी वाढत आली, पाय अजून किंचित लंगडत. सरांच्या द्रोणात आमटी पडली आणि त्यांना मागची गंमत आठवली. मोठ्यानं म्हणाले, “काय वहिनी, आजची पण अप्पांच्याच हातची का?” ओळीत हशा झाला. आईचा डावा हात पदराकडं गेला. मी पाहिलं, तो अर्ध्यावर गेला आणि थांबला. खाली आला. आईनं मान वर केली.

“माझ्या हातची हाय,” ती म्हणाली. “म्या भाजलं, म्या कुटलं, म्या केली. माझीच हाय ती.”

आवाज काही मोठा नव्हता. पण हसणारी तोंडं मिटली, आणि आमटी भुरकायचे आवाजही बंद पडले. भावकीतल्या थोरल्यानं भुवया वर केल्या. सर चपापून म्हणाले, “हो, हो, अर्थातच.” अप्पांचा घास हातात राहिला. त्यांनी आईकडं पाहिलं, लग्न होऊन इतकी वर्षं झालेल्या बाईकडं पहिल्यांदा बघावं तसं, आणि मग त्यांची नजर माझ्याकडं आली. मला वाटलं, आता ते रागावतील, सगळ्यांदेखत. अप्पांनी घास पत्रावळीवर ठेवला, द्रोण पुढं केला आणि म्हणाले, “वाढ आणखी.” आईनं वाढली. थोडी आमटी अप्पांच्या धोतरावर सांडली. त्यांनी द्रोण तोंडाला लावला. शेवटपर्यंत प्यायले.

पंगत उठली. अप्पा रानाच्या कडेला हात धुवायला आले आणि मी त्यांच्या हातावर पाणी घालायला लागले. पलीकडं ज्वारी वाऱ्यानं हलत होती. ते बराच वेळ हात चोळत राहिले. त्यांचं बघणं त्या मोकळ्या ओळीकडं होतं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू इसरली न्हवतीस.”

“न्हाई अप्पा.”

“भ्यालतीस का?”

“व्हय.”

त्यांनी उपरण्यानं हात पुसले. बोट न् बोट पुसलं. मग एकदम विचारलं, “थोरल्या अव्वाचं नाव काय व्हतं गं? म्हाईत हाय का तुला?”

मी मान हलवली. मला खरंच माहीत नव्हतं. कधी कुणी घेतलंच नव्हतं.

“मला बी न्हाई,” अप्पा म्हणाले. इतक्या हळू की मला जवळ सरकावं लागलं. त्यांनी उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. देवळाकडून भावकीतलं कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ते निघाले, आणि दोन पावलं जाऊन थांबले.

“फुडल्या साली बी कथेत तिथंच थांब,” ते म्हणाले.